टाळ्या कुठल्याही, चेहरा त्याच क्षणाचा

बाबा,

तुमच्याबद्दल मी एक गोष्ट चुकीची छापून आणली आहे. आधी ती दुरुस्त करते, मग बाकीचं. राजधानीतल्या आपल्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून गेल्या गणपतीत स्मरणिका निघाली. संपादक काकांनी मला दोन पानं दिली. म्हणाले, तुझ्या बाबांवर लिही, सरकारी फिल्मवाले म्हणून अजून लोकांच्या लक्षात आहेत ते. मी लिहिलं की एका मंत्र्याच्या भाषणाखाली खोट्या टाळ्या घालायला तुम्ही नकार दिलात आणि म्हणून तुमची बदली एडिटिंगच्या खोलीतून तळघरातल्या फिल्म लायब्ररीत झाली. लोकांना ते फार आवडलं. दोन काकूंचे फोन आले, त्यातली एक तर रडवेली झाली होती. आईने वाचून अंक कपाटात ठेवला. मग डिसेंबरात एका दुपारी द्वारकेच्या घरी, बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “छान लिहिलंयस गं. पण ते टाळ्या घालायचे की. बिल्कुल मजेत घालायचे.” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “अच्छा, म्हणजे तुला माहीत होतं,” आणि सोललेले दाणे माझ्याकडून ओढून घेतले, कारण मी सालं दाण्यांत टाकत होते.

मला माहीत होतंच. तुमच्या ऑफिसात टाळ्यांचा एक डबा होता. भाषणाच्या वेळी माइक मंचावर असायचा, त्यामुळे लोकांनी टाळ्या वाजवल्या तरी त्या फार बारीक यायच्या, आणि पुष्कळदा वाजवलेल्याच नसायच्या. मग डब्यातल्या लावायच्या. त्या कुणी कधी रेकॉर्ड केल्या होत्या कुणास ठाऊक, पण तिसऱ्या सेकंदाला त्यात एक माणूस खोकायचा. तुम्ही घरी येऊन सांगायचात, “हा गृहस्थ देशातल्या प्रत्येक उद्‌घाटनाला हजर असतो, आणि अजून याचा खोकला बरा होत नाही.” शेवटी तुम्हीच त्याला रजा दिलीत. मी सहा वर्षांची होते. मंडळाच्या गणेशोत्सवात कविता म्हणायला उभी राहिले, चौथ्या ओळीवर अडले, पाचवी आठवेना, आणि समोरच्या सतरंजीवर बसलेल्या सगळ्या काका-काकूंनी माझी कीव येऊन भरपूर टाळ्या वाजवल्या. तुम्ही पहिल्या रांगेत खांद्याला ऑफिसचा रेकॉर्डर अडकवून बसला होतात. चार महिन्यांनी तुम्ही मला ऑफिसात नेलंत, एडिटिंग टेबलाशी मांडीवर बसवलंत, आणि त्या छोट्या पडद्यावर एक मंत्री कालव्याचं पाणी सोडताना दाखवलात. टाळ्या सुरू झाल्या. “ओळख,” तुम्ही म्हणालात. मी ओळखल्या नाहीत. “तुझ्या आहेत. कालव्याला देऊन टाकल्या.” तुम्हाला इतका आनंद झाला होता की मलाही झाला.

म्हणजे टाळ्यांना तुम्ही कधीच नकार दिला नाहीत. नकार दिलात तो एका चेहऱ्याला. पूरग्रस्तांना मदत वाटल्याची फिल्म होती आणि वाटपाच्या वेळी कुणी रडलं नव्हतं. तुमच्या साहेबांनी दुसऱ्याच एका फिल्ममधली, स्टेशनवर मुलाला निरोप देऊन रडणारी म्हातारी तिथे लावायला सांगितली. तुम्ही म्हणालात, ही बाई मुलासाठी रडतेय, मदतीसाठी नाही, मी नाही लावणार. साहेब म्हणाले, “रहने दो यार, कुछ और लगा दो,” आणि तुम्ही दोघे चहा प्यायला गेलात. एवढंच झालं. बदली त्यानंतर तीन वर्षांनी झाली, आणि तीसुद्धा तुम्हीच अर्ज करून मागून घेतलीत, कारण मान दुखायची आणि डॉक्टरांनी टेबलावर वाकायला मनाई केली होती. मी काय केलं, तर दोन खऱ्या गोष्टी उचलल्या, मधली तीन वर्षं कापली आणि त्या शेजारी शेजारी लावल्या. म्हातारी काढून टाळ्या घातल्या, कारण टाळ्या वाचणाऱ्याला पटकन कळतात. असं करताना माझा हात अडखळला नाही. माझं रोजचं कामच ते आहे.

ते काम तुम्हीच शिकवलंत. पुढे मी रीतसर फिल्मच्या शाळेत गेले, फी भरली, प्रमाणपत्र आणलं, पण तिथे जे दोन वर्षांत शिकवलं ते तुम्ही सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात एका संध्याकाळी शिकवून टाकलं होतं. पुण्याहून आत्या आली होती आणि तिला पानिपत बघायचं होतं, म्हणून संक्रांतीला, लढाईच्या दिवशी, आपण मंडळाच्या बसने काला अंबला, तिथल्या रणभूमीच्या स्मारकाला गेलो. गाढ धुकं होतं. आत्या स्मारकापुढे हात जोडून उभी राहिली, मंडळाचे एक काका मोठ्याने इतिहास सांगत होते, आणि तुम्ही माझा एक फोटो काढलात. नुसता चेहरा, मागे धुकं. मग करोल बागेतल्या दुकानातून फोटो धुऊन आले आणि तुम्ही ते ओट्याशेजारच्या टेबलावर मांडलेत. आधी माझ्या चेहऱ्याशेजारी स्मारकाचा खांब ठेवलात. आत्या म्हणाली, “अगंबाई, एवढीशी पोर, पण कसं भरून आलंय बघ तिला.” मग खांब काढून बसमध्ये उघडलेला तिळाच्या लाडवांचा डबा ठेवलात. आई कणीक मळता मळता म्हणाली, “भूक लागली होती तिला, मी तेव्हाच म्हणत होते.” मग पार्किंगमधला काळा कुत्रा. “घाबरलीय,” दोघी एकदम म्हणाल्या. फोटो तिन्ही वेळा तोच. मग तुम्ही मला विचारलंत, खरं काय होतं? मी म्हटलं, मला शू लागली होती आणि सगळे हात जोडून उभे होते म्हणून सांगता येत नव्हतं. तुम्ही एवढे हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. आत्या जरा रागावली. हसून झाल्यावर फोटो गोळा करत तुम्ही म्हणालात, “चेहरा काही बोलत नाही, शेजारचा बोलतो. म्हणून त्याच्या शेजारी कोण बसवायचं, त्याची जबाबदारी आपली.” आणि मग तो तुमचा नियम, जो मी स्मरणिकेत लिहायला हवा होता आणि लिहिला नाही: टाळ्या कुठल्याही चालतील, चेहरा त्याच क्षणाचा हवा.

आता मी नोएडात एका तळघरात बसते. द्वारकेहून ब्लू लाइन पकडली की सरळ, मध्ये बदलावी लागत नाही. आम्ही राजकीय माहितीपट करतो. तुम्ही सरकारच्या बाजूने करायचात, आम्ही बहुतेक विरुद्ध बाजूने. पण बाबा, हत्यारं तीच आहेत. तुमच्या फिल्ममध्ये कॅमेरा खाली ठेवून मंत्र्याला उंच करायचे. आमच्यात ज्याच्या बाजूने आपण आहोत त्याला खिडकीचा उजेड देतात आणि ज्याच्या विरुद्ध आहोत त्याला टेबलामागे, ट्यूबलाइटखाली बसवतात. ट्यूबलाइटखाली कुणीही चोर दिसतो, मी स्वतःही दिसते, आमच्या बाथरूमच्या आरशात रोज बघते. मोडलेल्या घराच्या चित्राखाली एकच खालचा सूर लांबवून ठेवायचा, लहान मुलाची चप्पल दाखवायची, आणि कुणी मन हलवणारं वाक्य बोललं की पुढचे दोन सेकंद काहीच लावायचं नाही, म्हणजे बघणाऱ्याला तो विचार आपलाच वाटतो. यातलं मी सगळं करते. आणि सगळ्याची लाज वाटत नाही, हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटत नाही. सूर लांबवला म्हणून कुणी खोटं ठरत नाही. घर खरंच मोडलेलं असतं, चप्पल खरंच तिथे पडलेली असते. तुमच्या टाळ्यांसारखंच आहे ते. पण मी त्याच्या पुढे गेले.

आत्ताची फिल्म यमुनेकाठच्या एका वस्तीवर आहे. ती वस्ती पाडली आणि लोकांना शहराच्या पार उत्तरेच्या टोकाला, चार मजली इमारतींत नेऊन ठेवलं. घरं मिळाली, पण नळाला पाणी नाही, टँकर येईल तेव्हा येईल. तिथे एक जनसुनवाई झाली, म्हणजे मांडव घालून लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी सांगायच्या. आमचा कॅमेरा दिवसभर होता. एक बाई उठल्या, त्यांना मी चाची म्हणते, आणि म्हणाल्या की अकरा दिवस पाणी आलेलं नाही, सून बाळंतीण आहे, आणि मी तिचे कपडे कशात धुऊ ते मला साहेबांनी सांगावं. मांडवात कुणी हललं नाही. समोर पाण्याच्या खात्याचा कनिष्ठ अभियंता बसला होता, सगळे त्याला जेई साहब म्हणतात. चाळिशीतला, स्वेटरवर शर्टाची कॉलर काढलेला. चाचींचं बोलणं संपल्यावर त्याने मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सात सेकंद लिहीत होता. त्या शॉटमध्ये त्याचा चेहरा दिसत नाही, नुसता टक्कल पडत चाललेला भांग दिसतो. पण त्याच दिवशी, चाळीस मिनिटं आधी, माइक एकदम किंचाळला होता आणि सगळा मांडव हसला होता. तोही हसला होता. मोकळं, दात दाखवून. मी ते हसू उचललं आणि चाचींच्या वाक्यानंतर लावलं.

कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. आमच्या दिग्दर्शिकेनेही नाही. तिला इथे सगळे दीदी म्हणतात, पन्नाशीची आहे, वीस वर्षं अशाच लोकांमागे कॅमेरा घेऊन फिरलीय, मला तिच्याबद्दल फार आदर आहे. मी दुपारी डबा खाऊन आले आणि सहज लावून बघितलं. बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. दीदीने बघितलं, खुर्ची मागे ढकलून उठली आणि म्हणाली, “यही है. यही तो पूरी फिल्म है.” मग ते तीस सेकंद फिल्मच्या जाहिरातीत गेले, जाहिरात लोकांच्या फोनवर गेली. मला आनंद झाला होता, बाबा. मी आईला दाखवलं. आई म्हणाली, “किती निर्लज्ज आहे मेला.” मी काही बोलले नाही. तेव्हा आईशी न बोलणं मला सोपं गेलं, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

गेल्या रविवारी आम्ही वस्तीतल्या लोकांना फिल्म दाखवायला तिकडे गेलो. ही दीदीची पद्धत आहे, आणि चांगली आहे: ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांनी ती आधी बघायची. एका घरात भिंतीवर चादर लावली होती. तीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, पोरं मांड्यांवर. हसण्याचा शॉट आला तेव्हा कुणीतरी शिवी दिली. नंतर चहा झाला, आणि चाची माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, “बेटा, बहुत अच्छा बनाया. पर उस दिन वो हँसा नहीं था. लिख रहा था. मैं देख रही थी ना.” मी म्हटलं, “हाँ चाची.” त्या म्हणाल्या, “मुझे लगा मुझसे भूल हो गई. बुढ़ापा है.” मी म्हटलं, “आपसे नहीं हुई.” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. माझ्या शेजारी काही बसवलेलं नव्हतं, तरी त्यांना माझा चेहरा वाचता आला. मग त्या चहा फुंकत म्हणाल्या की तो जेई तसा बरा होता. करायचा काही नाही, पण दर बुधवारी यायचा, जिन्यात उभा राहून ऐकून घ्यायचा, कधी कधी टँकर पाठवायचा. फोनवर ते सगळं फिरलं तेव्हापासून येत नाही. पोरं त्याच्या स्कूटरमागे दात काढून धावली होती. आता दुसरा येतो, तो गाडीतून उतरत नाही. “उसने उस दिन क्या लिखा था, किसी को नहीं पता,” त्या म्हणाल्या. “वो कागज गया कहाँ?” रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच त्या कागदाची काळजी होती.

परतताना मेट्रोत मला तुमची आठवण झाली असं लिहिणार होते, पण तसं झालं नाही. मेट्रोत मी झोपले. आठवण दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, दात घासताना, आणि तुमच्या आधी आठवल्या त्या सेक्टर दहातल्या काकू. मी सोळा वर्षांची होते, अकरावीत, आणि मंडळाच्या गणेशोत्सवाचा व्हिडिओ करायचं काम मला मिळालं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर मी तीन आठवडे बसले. मंडळात दोन काकू होत्या, दोघी गाणाऱ्या, आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही असं सगळे म्हणायचे. एकीचं गाणं चालू असताना मी मध्येच दुसरीचा, म्हणजे सेक्टर दहातल्या काकूंचा, चेहरा लावला, लिंबू चावल्यासारखा. कोजागिरीला व्हिडिओ दाखवला तेव्हा हॉल हसून हसून लोळला. एक काका ओरडले, “पोरीनं काय पकडलंय!” मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसत नव्हतात. सेक्टर दहातल्या काकू मसाला दुधाचा पेला न पिता खाली ठेवून निघून गेल्या.

घरी आल्यावर तुम्ही चपलाही काढल्या नाहीत. “तो चेहरा त्या गाण्यावरचा होता का?” मी म्हटलं, नाही, महाप्रसादाच्या रांगेतला. “मग वाकडं तोंड कशाला केलं होतं त्यांनी?” मी म्हटलं, कढी आंबट असेल. आई आतून म्हणाली, “अहो, मुलांची गंमत आहे, सोडा ना.” तुम्ही सोडलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणालात, “त्यांनी जे वाक्य उच्चारलंच नाही, ते तू त्यांच्या तोंडात घातलंस. आणि शंभर माणसांनी ते ऐकलं. आता त्या नाही म्हणाल्या तरी कुणाला ऐकू येणार आहे?” मी रडायला लागले. तुम्ही रुमाल दिलात आणि म्हणालात, “उद्या नको, परवा. उद्या तुला राग येईल माझा. परवा जाऊ.” खरंच दुसऱ्या दिवशी मला तुमचा फार राग आला. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्कूटर काढलीत. त्यांच्या सोसायटीत लिफ्ट बंद होती. तुम्ही जिन्याच्या तळाशी थांबलात आणि म्हणालात, “वर तू जा. मी इथे आहे.” चार मजले. काकूंनी दार उघडलं. मी सगळं सांगितलं, कढीसकट. त्या म्हणाल्या, “कढी आंबट नव्हती. माझी दाढ दुखत होती.” आणि मग मला बाकरवडी दिली, आणि तुमच्यासाठी कागदात बांधून दिली. खाली आले तेव्हा तुम्ही तिथेच होतात, चौकीदाराशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत. बाकरवडी खाल्लीत. स्कूटरवर बसताना एवढंच म्हणालात, “दाढ. बघ. मला सुचलंच नसतं.”

ही गोष्ट मी स्मरणिकेत लिहिली नाही, कारण त्यात मी बरी दिसत नव्हते. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मला तेरा वर्षं वाटत आलं की तुम्ही मला काम शिकवलंत. त्या जिन्यात तुम्ही काय शिकवत होतात ते मी कामात धरलंच नव्हतं.

सोमवारी मी दीदीला सांगितलं. मी फार चाचरत सांगितलं, आधी तीन वेळा सॉरी म्हटलं. तिला कॅमेऱ्यातलं सगळं फुटेज माहीत असतं असं मला वाटायचं, पण ते हसू कुठलं आहे ते तिला माहीत नव्हतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. ती म्हणाली, “देख, वो खातं दहा वर्षं हसतंच आहे या लोकांवर.” तिने माझ्याकडून उचललेले मराठी शब्द ती असे मध्ये मध्ये वापरते. “एक आदमी चाळीस मिनट पहले हँसा या बाद में, इससे पानी आ जाएगा क्या?” मी म्हटलं, “दीदी, जो जिन्यात उभं राहून ऐकायचा तो यायचा बंद झालाय.” तिने दोन्ही शॉट एकामागून एक लावून बघितले. शेवटी ती म्हणाली, “बदल. लिखने वाला लगा.” येत्या शुक्रवारी मोठ्या हॉलमध्ये पहिला खेळ आहे, त्यात बदललेली फिल्म दाखवायची. जाहिरातही काढून टाकायची आणि का काढली ते दोन ओळींत लिहायचं. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की हा शॉट तर जास्त चांगला आहे, माणूस लिहून घेतो आणि तरी पाणी येत नाही, यात जास्त अर्थ आहे. ती प्रेमाने म्हणाली. मी शॉट बदलला. सात सेकंद टक्कल.

पण फोनवर जे फिरलं ते फिरलं. आता ते आमच्या हातात नाही, आणि आमच्या दोन ओळी तितक्या लोकांपर्यंत जाणार नाहीत, हे मी या धंद्यात असल्यामुळे मला पक्कं माहीत आहे. म्हणून वर जायला हवं. त्या जेईच्या ऑफिसात लोकांना भेटायची वेळ बुधवारी अकरा ते एक असते. मी चौकशी केली. तिसऱ्या मजल्यावर आहे. मी दोन्ही शॉट फोनमध्ये घेतले आहेत, त्यांच्या खाली कॅमेऱ्यातली मूळ वेळ दिसते, म्हणजे त्याला कुणाला दाखवायचं झालं तर दाखवता येईल. आमच्या दोघींच्या सह्यांचं पत्र आहे. त्यात काय झालं ते सरळ लिहिलंय, ‘अनवधानाने’ हा शब्द मी दोनदा घातला आणि दोनदा काढला. आणि चाचींचा निरोप आहे, तो कागद कुठे गेला. तो मला हाकलून देईल, किंवा ओरडेल, किंवा खात्याकडून नोटीस येईल. दीदी म्हणाली, तीही येते. मी म्हटलं, खालपर्यंत ये.

संपादक काकांनाही फोन केला. त्यांना म्हटलं, पुढच्या अंकात अर्धं पान द्या, दुरुस्ती आहे. ते म्हणाले, “अगं, टाळ्या काय, नकार काय, बाबा चांगले होते एवढं लोकांना कळलं ना? झालं तर मग.” मी म्हटलं, चांगले होते, पण असे नव्हते. त्यांनी अर्धं पान दिलंय. त्यात दाढेची गोष्ट लिहीन.

हे पत्र मी आईला दाखवणार नाही आणि टाकणार तर कुठेच नाही. टेबलाच्या खणात तुमच्या जुन्या चष्म्याखाली ठेवीन, तिथे आई हात घालत नाही. तुम्ही असतात तर शेवटी एकच विचारलं असतं, दोन्हींतला कुठला शॉट चांगला आहे? बाबा, हसण्याचा. आज सकाळीही दोन्ही लावून बघितले. हसण्याचा शॉट अजूनही चांगला आहे, आणि मी तो पुसलेला नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. तिसरा मजला उतरून आल्यावर पुसेन, आधी हात होत नाही. मंडळाची बस त्या दिवशी काला अंबला जाणार आहे. आईने माझं नाव घातलं होतं, ते मी काढायला सांगितलं. ती म्हणाली, “ऑफिस? सणाच्या दिवशी?” मी म्हटलं, हो. येत्या बुधवारी, संक्रांतीला, अकरा वाजता.